मांगरातली भिंत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. देवळात हात जोडून उभा असतानाही मनातल्या मनात हे कधी नीट उच्चारलं नाही. आज सांगायला बसलोय खरा, पण सुरुवात कुठून करू? रघूपासून करतो. रघूबद्दल बोलायला मला अजून आवडतं. माझ्याबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हा येईल.

रघू आणि मी एकाच गावचे. रेडीच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. त्याच्या घरी नारळाची मोठी बाग, वडिलांचं दुकान. माझा बापूस रापण ओढणारा. समुद्रात लांबवर मोठं जाळं टाकायचं, आणि किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना पंचवीस-तीस माणसांनी दोर धरून ते ओढत आणायचं, ही रापण. घरं अशी वेगळी, पण आमचं वेड एकच. मारुतीच्या देवळाची मागची भिंत कोळशाने रंगवली म्हणून आम्ही दोघांनी एकाच फोकाचा मार खाल्लेला.

पुढे मुंबईला चित्रकलेच्या शाळेतही एकत्रच गेलो. मी अर्ध्यात परत आलो. बापूस गेला, घरी आई एकटी, म्हणून तिला घेऊन मालवणला आलो आणि तिथल्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर झालो. घराच्या जबाबदारीसाठी चित्रकला सोडली, असं मी सगळ्यांना सांगायचो. खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरं होतं का? मुंबईत दुसऱ्या वर्षीच मला कळून चुकलं होतं की रघूच्या हातात जे आहे ते माझ्या हातात नाही. बापूस गेल्याची तार आली तेव्हा मी रडलो, पुष्कळ रडलो — आणि त्या रडण्याच्या तळाशी कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. बघा, हेसुद्धा आजच पहिल्यांदा सांगतोय. पण सांगायचं आहे ते हे नव्हे.

रघूचं नाव झालं. मोठमोठ्या शेटजींची तैलचित्रं तो करायचा. खुर्चीत बसलेले शेटजी, शालू नेसलेल्या शेटाणी, गिरण्यांचे मालक. त्याने काढलेली सरस्वती कॅलेंडरवर छापून आली आणि घराघरात लागली. माझ्याही घरात होती. दादरला ब्लॉक, दाराशी गाडी. गिरगावातल्या एका वकिलाची मुलगी शालिनी त्याची बायको झाली. मला ती भावोजी म्हणायची. सुट्टीत मुंबईला गेलो की रघू मला चार लोकांसमोर म्हणायचा, "ह्याची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. चित्र बरं की वाईट, ह्याला विचारा." तो हे मनापासून म्हणायचा. मी हसायचो, आणि मनात म्हणायचो की तुझा हात विकला गेला, माझा निदान कोरा राहिला. एवढ्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं सुखाने जगलो.

आणि मग एक दिवस रघू सगळं सोडून गावी आला.

कुणाचं तरी चित्र अर्धं झालं होतं म्हणे. समोर बसलेल्या गृहस्थांना त्याने हात जोडले, "माफ करा, मला हे पुढे जमणार नाही" म्हणाला आणि ब्रश धुऊन ठेवला. काही दिवसांनी वळकटी घेऊन तो वेंगुर्ल्याला आगबोटीतून उतरला. बायको आणि लहान मुलगी दादरलाच. घरात न राहता तो बागेच्या पार टोकाला, समुद्राकडे तोंड करून असलेल्या मांगरात जाऊन राहिला. मांगर म्हणजे नारळ, झावळ्यांची चुडतं, जुनी जाळी ठेवायची चिऱ्याची लांबट खोली. तिथे माणसाने राहायचं?

सगळं गाव म्हणालं, डोकं फिरलं. मालवणला शाळेत मास्तर मंडळींनी मला विचारलं तेव्हा मीही तेच म्हणालो. म्हणताना जरा मान हलवली, दुःख झाल्यासारखी. त्याला भेटायला मात्र गेलो नाही. वर्ष गेलं, त्याहून जास्तच. का गेलो नाही? सुट्ट्या नव्हत्या? होत्या.

एका हिवाळ्यात शालिनीवहिनी मुलीला घेऊन माझ्या घरी आल्या. मालवण बंदराबाहेर बोट थांबली, होडीतून किनाऱ्याला आल्या आणि थेट माझ्या पडवीत येऊन बसल्या. मला वाटलं, गावी जायचं असेल, सोबत हवी असेल. पण त्या म्हणाल्या, "मी तिथे जाणार नाही, भावोजी. तुम्ही जा."

मला कळेना. मग त्या सावकाश सांगत गेल्या. रघू पत्रं पाठवायचा, 'ये' म्हणायचा. पण काय चाललंय ते सांगायचा नाही. "मी गेले आणि त्यांना पाहिलं की मी विरघळेन. मला चित्रातलं कळत नाही. त्यांचं काहीही मला चांगलंच वाटेल. तुम्हाला कळतं. तुम्ही जाऊन बघा आणि मला एवढंच सांगा, तिथे खरंच काही होतंय, की ते नुसते पळून गेलेत? खरं असेल तर मी दादरचं सगळं मोडून इथे येते. कशाही परिस्थितीत राहीन. नुसतंच असेल तर नागपूरला भावाकडे जाते. मुलीला असं अधांतरी ठेवता येत नाही."

"आणि मी सांगेन ते तुम्ही धराल?"

"तेच म्हणतात ना, तुमची नजर त्यांच्यापेक्षा चांगली आहे."

त्यांच्या आवाजात आळवणी नव्हती. ठरवून आलेल्या माणसाचा आवाज होता. मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी मी निघालो. एस.टी.ने कुडाळ, तिथून वेंगुर्ला, पुढे चालत. खाडीवर तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, घेतली आणि बागेतून मांगराकडे गेलो तेव्हा दुपार कलत होती. रघू विहिरीवर पंचा पिळत होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, अंगाचं नुसतं चिपाड झालेलं. पण डोळे? मुंबईत इतकी वर्षं त्याला पाहत होतो, असे डोळे कधी पाहिले नव्हते.

"इलंस? ये. पयला पाणी पी."

वर्षभर का आला नाहीस, असं त्याने विचारलं नाही. मी पाणी प्यायलो. मग त्याने मांगराचं समुद्राकडचं दार उघडलं. बाहेरच्या वाळूवरचं ऊन आत आलं आणि समोरच्या लांब भिंतीवर पडलं.

आता हे कसं सांगू?

भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती. चिऱ्यावर त्याने कालवांचे शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा दिला होता, गोट्याने घोटून घोटून. रंग म्हणाल तर आमच्या सड्यावरची, म्हणजे वरच्या खडकाळ माळावरची, तांबडी माती, दिव्याची काजळी, थोडी नीळ. बस. आणि त्या भिंतीवर माणसं रापण ओढत होती. सगळी पाठमोरी. त्यांची तोंडं समुद्राकडे आणि अंगाचा सगळा भार मागे — म्हणजे माझ्याकडे. समुद्र जवळजवळ नव्हताच, वर बोटभर निळसर पट्टा होता नुसता. पण त्या पाठींवरून कळत होतं की पलीकडे केवढं तरी काही आहे, आणि ते सहजासहजी यायला तयार नाही. मी एक पाऊल मागे घेतलं. खरंच घेतलं. दोर सुटला तर ही सगळी माणसं माझ्या अंगावर येतील, असं वाटलं.

एकाचंही तोंड दिसत नव्हतं. तरी मी ओळखू लागलो. हा आमच्या शेजारचा भिकाजी. हा त्याचा थोरला भाऊ. आणि दोराच्या मध्यावर, थोडा डावीकडे कलंडलेला, डाव्या पायाची टाच उचललेला—

"वळाखलंस?" रघूने मागून विचारलं. "तुझो बापूस असोच उभो रवायचो मां?"

बापसाच्या डाव्या टाचेत कधीतरी शिंपला घुसला होता, तेव्हापासून ती टाच तो जमिनीला पुरती टेकायचा नाही. हे मी विसरलो होतो. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली होती. त्याचा चेहराही मला धड आठवत नव्हता, फोटो तर नव्हताच. आणि तो माझ्यासमोर उभा होता, ओल्या पाठीने, मानेखालच्या त्या खळग्यासकट. तो मागे वळेल असं वाटलं. वळू नये असंही वाटलं. देवळात गेल्यावर जे वाटतं असं लोक म्हणतात ते मला कधी वाटलं नव्हतं. त्या मांगरात वाटलं. माझे हात आपोआप जोडले गेले होते. ते ध्यानात आल्यावर मी ते खिशात घातले.

रघू बोलत होता. "तोंडां काढून काढून कंटाळलंय रे. समोर बसलेलो माणूस तोंड तयार करून बसता, आनी आपण ता आणखी बरा करून देवचा. हे बघ, हेंका ठाऊकच नाय कोण बघता म्हणून." मग मुलासारखं, "कसा झाला हा?"

मी म्हणालो, "बरा आसा."

एवढंच म्हणालो. माझ्या बापसाला ज्याने परत उभं केलं त्याला मी 'बरा आसा' म्हणालो. तो हसला. "तुका आवाडला. तू गप रवलंस थंयच माका कळला."

नंतर पेज जेवताना त्याने वहिनींचं विचारलं. त्या मालवणला आल्यात हे मी सांगितलं. त्याचा हात थांबला. "शालू येतली मां रे? ती इली तर हंय भायर चुडतांचो माटव घालतंय. चुलीक जागा व्हयी. चेडवाक झोपाळो बांधूक झाड मी कधीचा बघून ठेवलंय." मला जेवणावरून उठवून तो मुलीच्या झोपाळ्याचं ते झाड दाखवायला घेऊन गेला. आडवी फांदी असलेलं उंडीचं झाड होतं. मी ते नीट पाहिलं. हे सांगायला हवं. नीट पाहिलं, आणि "येतली" म्हणालो.

परतताना कुडाळला गाडी बदलली तेव्हा माझ्या मनात वाक्य तयार होतं. 'वहिनी, दादरचं मोडा.' याहून जास्त काही बोलायची गरजच नव्हती. मालवणला उतरलो तेव्हाही तेच वाक्य होतं. मग कधी बदललं? मी पुष्कळ वेळा हे शोधलंय. शाळेवरून गेलो तेव्हा? वर्गाच्या खिडकीतून फळा दिसला, त्यावर मी आदल्या आठवड्यात काढलेली सुरई होती, मुलांनी पाहून काढायची. दोन्ही बाजू अगदी सारख्या. नाही, सुरईला दोष देणार नाही.

मी घरी आलो. वहिनी पडवीत उभ्या राहिल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी असं पाहिलं, जसं आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं. माझा शब्द म्हणजे निकाल होता. आणि त्याच क्षणी मला दिसलं की मी खरं बोललो तर माझं ते वाक्य संपलं. रघूचा हात विकला गेला, माझा कोरा राहिला, हे वाक्य. तो हात आता विकलेला नव्हता. आणि माझा कोरा हात म्हणजे नुसता रिकामा हात होता.

"तिथे काही नाही, वहिनी," मी म्हणालो.

"काहीच नाही?"

दुसऱ्यांदा विचारलं त्यांनी. अजून वेळ होता.

"भिंतीवर माती फासलीय. रेघोट्या आहेत. तब्येत उतरलीय त्याची."

त्या रडल्या नाहीत. खाली बसल्या, मुलीची सुटलेली रिबन नीट बांधली, आणि बोट कधी आहे ते विचारलं. मीच त्यांना बंदरावर सोडायला गेलो. होडीत चढताना त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं असतं. तुम्ही खरं सांगितलंत. हे विसरणार नाही."

रघूला जाऊन काय सांगितलं म्हणता? 'तिका हंयचा जमाचा नाय, म्हणता' असं सांगितलं. तो म्हणाला, "तिचा काय चुकला? सोडून मी इलंय." आणि मांगरात गेला. त्यानंतर वहिनींची त्याला पत्रं आली ती मुलीच्या शाळेबद्दल, तिच्या तापाबद्दल. बाकी काही नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं केल्यावर मी तिकडे फिरकलो नसेन. उलट झालं. दर सुट्टीला जायचो. राहवायचं नाही. रघू मांगराच्या दुसऱ्या भिंतीही भरत होता. जाळं विणणाऱ्या बायका, डोक्यावर पाटी घेऊन सडा चढणाऱ्या बायका, सगळ्या पाठमोऱ्या. पण मी पहिल्या भिंतीपाशीच बसायचो. दर वेळी तीच पहिल्यासारखी भीती, तेच अंगावर येणं. गावातली माणसं येऊन बघून जायची, आपापली माणसं ओळखायची, मग आवाज न करता बाहेर पडायची. गावाबाहेर मात्र हे कुणाला कळलं नाही. कळवण्यासारखा गावचा माणूस एकच होता. चित्रातलं कळणारा, मुंबईत ओळखी असलेला.

एकदा जत्रेसाठी आईला गावी नेलं होतं. रघूने तिला मांगरात बोलावलं. मला अडवता आलं नाही. ती आत गेली, डोळ्यांवर हात धरून भिंत बघत चालत गेली आणि दोराच्या मध्यापाशी थांबली. मग सावकाश खाली बसली. म्हणाली, "ह्यो तुझो बापूस." आणि मग माझ्याकडे वळून, "तू ह्या आधी बघलेलंस?"

"होय."

"माका कित्या सांगूक नाय रे?"

तिला तिच्या नवऱ्याची भेट मी इतकी वर्षं नाकारली होती, आणि ती माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. पदराने भिंतीवरची धूळ पुसायला गेली, तर रघूने तिचा हात हळूच धरला, "रंग जातलो गो काकी," म्हणाला, आणि दोघंही हसली.

रघू साठ सालानंतर फार जगला नाही. पावसाळ्यात ताप आला, छातीत कफ झाला, वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपला. पाऊस उघडल्यावर शालिनीवहिनी आल्या. मुलगी आता मोठी झाली होती, बापासारखीच उंच. माझ्या आईला बरं नसल्याने ती मालवणलाच होती. दोघींना घेऊन मीच मांगराकडे गेलो. दार मीच उघडलं.

वहिनी उंबऱ्यातच थांबल्या. मुलगी आत गेली आणि भिंतीसमोर उभी राहिली. तिच्या तोंडून नुसता श्वास घेतल्याचा आवाज आला. चित्रातलं कळत नाही म्हणणाऱ्या वहिनींनी एका हाताने दाराची चौकट धरली. ती पाठमोरी माणसं तशीच मागे रेललेली, तसाच दोर ताणलेला.

मला ठाऊक होतं त्या काय विचारणार.

"भावोजी, तुम्ही त्या वेळी आला होतात तेव्हा हे होतं?"

इथे मला दुसरी संधी मिळाली होती. अशी संधी किती माणसांना मिळते? रघू गेला होता. सांगून माझं जे जायचं ते फार तर अब्रू होती.

"नव्हतं," मी म्हणालो. "हे नंतरचं."

मला वाटलं, त्यांना हलकं वाटेल. हो, त्यांच्यासाठीच खोटं बोललो अशी स्वतःची समजूत घालायची तयारी मी तेवढ्या वेळात करूनही ठेवली होती. पण वहिनींनी मान हलवली आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "म्हणजे मी अजून थोडी थांबले असते तर."

मग त्या भिंतीपाशी गेल्या, हात न लावता एकेका पाठीसमोर उभ्या राहत शेवटपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मी दाराशी उभा होतो. त्यांच्या त्या वाक्यानंतर मला तोंड उघडता आलं असतं. ती भिंत संपायला खूप वेळ लागतो. मी उघडलं नाही.

त्या नागपूरला असतात. मुलीचं लग्न झालं. दिवाळीला मला त्यांचं कार्ड येतं, त्यात मी खरं बोलणारा माणूस आहे असा काहीतरी उल्लेख असतोच. मांगराची कौलं रघूचा चुलतभाऊ बदलतो, म्हणून भिंत अजून शाबूत आहे. खाऱ्या वाऱ्याने खालच्या कडेचे पोपडे निघू लागलेत. मी ती शेवटची पाहिली गेल्या होळीला, आणि पुन्हा पाऊल मागे घेतलं.

हे छापलं गेलं तर वहिनी वाचतील. वाचावं त्यांनी.

त्या दिवशी ती भिंत तिथे होती, वहिनी. आज आहे तशीच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तिच्यासमोर हात जोडून उभा राहिलो होतो. मग मालवणला आलो आणि तुम्हाला सांगितलं की तिथे काही नाही.